जखम भरली, पण गाडीवर बसवत नाही

दुचाकीच्या अपघातानंतर प्लास्टर निघतं, पण धसका राहतो. हॉर्न वाजला की दचकायला होतं, तोच चौक स्वप्नात येतो, किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम फुटतो. पहिला महिना हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही झोप आणि कामाचा विचका होत असेल, तर पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) आहे का, हे तपासून घ्यावं.

सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी 'नेमकं काय झालं?' म्हणून खोदखोदून विचारू नये. एकाच बैठकीत सगळं ओकायला लावण्याने त्रास टळत नाही. झोपेसाठी दारू तर नकोच.

धसका टिकतो तो टाळण्यामुळे. चौक चुकवून लांबच्या रस्त्याने गेलं की सुटल्यासारखं वाटतं आणि मेंदू धडा घेतो, 'चुकवला म्हणून वाचलो.' मग चौकासोबत पूलही टाळला जातो, हळूहळू गाडीच सुटते. म्हणूनच 'विसरून जा' हा सल्ला उलटा पडतो.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही थेरपी नेमकी इथे काम करते. साधारण 8 ते 15 सेशन्स, प्रत्येकी 60 ते 90 मिनिटं. अपघाताची आठवण डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी सांगायची; तिचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. सोबत भीतीची शिडी करायची, 0 ते 100 गुण देऊन: उभ्या गाडीवर बसणं 35, सोसायटीच्या आवारात फेरी 50, मागे बसून चौक ओलांडणं 70, स्वतः चालवत ओलांडणं 90. सुरुवात मधल्या पायरीपासून. भीती निम्म्यावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा 30 ते 45 मिनिटं, ती पायरी सोडायची नाही; फेरी छोटी असेल तर पुन्हा पुन्हा मारायची. भीती शिगेला असताना उतरलात तर जुनाच धडा पक्का होतो. कानात गाणी लावून केलेला सरावही फुकट, कारण तेही टाळणंच.

आठवण सांगायला लागल्यावर काही दिवस स्वप्नं वाढू शकतात. नेमके इथेच लोक थेरपी सोडतात. त्यापेक्षा थेरपिस्टला सांगा, पायरी लहान करता येते.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाहा आणि सरळ विचारा, प्रोलाँग्ड एक्स्पोजर, किंवा सीपीटी, ईएमडीआर या पीटीएसडीवरच्याच इतर थेरपी, यांपैकी कशाचं प्रशिक्षण घेतलंय? 'आपण नुसतं बोलू' हे उत्तर पुरेसं नाही. औषध लागलं तर मानसोपचारतज्ज्ञ देतात, बहुधा सर्ट्रालीनसारखं नैराश्यरोधक. बरं वाटलं म्हणून ते स्वतःहून बंद करू नये.

जीव नकोसा वाटत असेल तर शिडी बाजूला ठेवून आधी त्यावर मदत घ्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.