ब्रेकपॉइंट तपासायला बसण्याआधी

उद्या सकाळी ब्रेकपॉइंटचं, म्हणजे चालता प्रोग्रॅम ठरल्या जागी थांबवणाऱ्या खुणेचं, वागणं तपासायला बसायचं असेल, तर आज संध्याकाळी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवा. लिनक्सवरचा जीडीबी हा डीबगर (प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायचं साधन), साधं सी आणि इंटेल किंवा एएमडीचं ६४ बिटचं मशीन एवढं मी धरून चाललोय. कामाचा मोठा प्रोजेक्ट यासाठी घेऊ नका. त्यात डीबगर चुकला की आपण, हेच शेवटपर्यंत कळत नाही. पन्नासेक ओळी पुरतात: बेरीज करणारं एक फंक्शन, लाखभर फेऱ्यांचा एक लूप, दोन थ्रेड, पाच ग्लोबल इंट. शिवाय एक ओळ रिकामी आणि एक नुसत्या कॉमेंटची, या दोन्ही मुद्दाम. तिथे ब्रेकपॉइंट लावला की तो खाली, जिथे खरा कोड आहे त्या ओळीवर सरकतो, आणि नवा माणूस हमखास तोच बग म्हणून लिहून आणतो. प्रत्येक प्रिंटएफनंतर एफफ्लश टाका. नाहीतर ओळ छापून झालेली असते, पण बफरमध्ये अडकून पडते, आणि प्रोग्रॅम तिच्याआधीच थांबला असं वाटतं.

हीच फाइल दोनदा कंपाइल करायची, डीबग माहिती दोन्हींत ठेवून: एकदा ऑप्टिमायझेशन शून्यावर, एकदा ओ-२ वर, म्हणजे कंपायलरला वेग वाढवायची मोकळीक देऊन. नावं वेगळी ठेवा. ओ-२ मध्ये छोटं फंक्शन जिथून बोलावलंय तिथेच विरघळतं, मग एका ब्रेकपॉइंटचे १.१, १.२ असे तुकडे इन्फो ब्रेकपॉइंट्स या आज्ञेच्या यादीत दिसतात. ते आधी मोजा, मग किती वेळा थांबायला हवं ते ठरवा. बिल्डची आज्ञा मात्र स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत हवी. मी एक अख्खी संध्याकाळ ‘ब्रेकपॉइंट कंसावरच थांबतो’ म्हणून डोकं फोडलंय. सोर्स बदलला होता, बायनरी दुपारची होती. सोर्स नवा आहे असं जीडीबीनं बजावलंही होतं, पण ती ओळ वर सरकून गेली होती.

जीडीबी वजा-एनएक्स देऊन उघडा, म्हणजे आपल्याच डॉट-जीडीबीइनिट या सेटिंगच्या फाइलमधल्या जुन्या करामती मध्ये येत नाहीत. जीडीबी, कंपायलर आणि कर्नल यांच्या आवृत्त्या वहीत उतरवा. चालू प्रोसेसला चिकटायचं असेल तर उबुंटूवर पीट्रेस-स्कोप (दुसऱ्या प्रोसेसमध्ये कुणी डोकवावं याची कर्नलची सेटिंग) १ वर असतो, तेव्हा सुडो लागेल. कंटेनरमध्ये पीट्रेसची परवानगी वेगळी मागावी लागते. पत्ते, म्हणजे कोडच्या मेमरीतल्या जागा, लिहायचे ते स्टार्ट ही आज्ञा दिल्यानंतरचे. आधी दिसणारा ११४९ सारखा छोटा आकडा प्रोग्रॅम चढल्यावर ५५५५५५५५५१४९ होतो, आणि आधीच्या आकड्यावर लावलेला ब्रेकपॉइंट ‘तिथली मेमरी वाचता येत नाही’ म्हणून अडतो.

आता मला सगळ्यात आवडणारी चाचणी, तिची तयारी जरा निगुतीनं करा. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे त्या पत्त्यावरचा एक बाइट बाजूला काढून तिथे सीसी (सोळाच्या पायातला आकडा) हा बाइट ठेवणं. १९४० च्या दशकातल्या एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर थांबायच्या जागची वायरच उपटत, त्याचीच ही नातवंडं. प्रोसेसर सीसीला अडखळतो, सिगट्रॅप हा सिग्नल येतो, आणि तोवर एक पाऊल पुढे गेलेला प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) जीडीबी एकानं मागे घेतो. हे डोळ्यांनी बघायचं तर प्रोग्रॅममध्येच बेरीज फंक्शनचा पहिला बाइट छापणारी ओळ घाला. एरवी ती बहुधा एफ३ किंवा ५५ छापेल. मग ब्रेकपॉइंट फंक्शनच्या नावाआधी तारांकन देऊन लावा आणि चालवा: सीसी. तारांकन विसरलात तर जीडीबी फंक्शनची सुरुवातीची मांडामांड ओलांडून पुढे बसतो, पहिला बाइट तसाच राहतो आणि चाचणी फसली असं वाटतं. थांबल्यावर जीडीबीच्याच एक्स आज्ञेनं तो बाइट पाहाल तर जुनाच दिसेल. आपली खूण तो आपल्याला दाखवत नाही, म्हणून तर छापायचं काम प्रोग्रॅमकडे दिलं. शेवटी तेच एचब्रेक लावून करा. हार्डवेअर ब्रेकपॉइंट मेमरीला हात लावत नाही, तेव्हा बाइट जागच्या जागी. एचब्रेकही स्टार्टनंतरच लावा.

हार्डवेअरच्या जागा चारच, प्रोसेसरमधले डीआर० ते डीआर३ हे रजिस्टर, आणि वॉचपॉइंट (व्हेरिएबलची किंमत बदलली की थांबवणारी खूण) त्याच वापरतात. पाच इंट त्यासाठीच. पाचवा वॉच लावताना जीडीबी हूं की चूं करत नाही, कंटिन्यू म्हटल्यावर तक्रार करतो. लोकल व्हेरिएबलवरचा वॉच फंक्शन संपलं की आपोआप निघून जातो, हेही अपेक्षित निकालात लिहून ठेवा.

लूपसाठी अटीचा ब्रेकपॉइंट तयार ठेवा, शेवटच्या फेरीवर थांबणारा, आणि घड्याळही. प्रत्येक फेरीला प्रोग्रॅम थांबतो, अट जीडीबी तपासतो, पुन्हा सोडतो, त्यामुळे एरवी क्षणात संपणारा लूप रेंगाळतो. तो लटकला असं समजून मारू नका. मोजणीत फरक आहे: अट खोटी ठरलेल्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत, इग्नोर ही आज्ञा देऊन सोडलेल्या मोजल्या जातात. थ्रेडबद्दल एकच, एक थांबला की सगळे थांबतात.

अपेक्षित निकालाचा रकाना चालवण्याआधी भरायचा. नंतर भरला की दिसलं तेच बरोबर वाटू लागतं.

आणि हे सगळं बॅचमध्ये, म्हणजे समोर न बसता स्क्रिप्टनं, चालवणार असाल, तर अजून न चढलेल्या लायब्ररीतल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावताना जीडीबी ‘नंतरसाठी ठेवू का’ विचारतो, उत्तर द्यायला कुणी नाही म्हटल्यावर स्वतःच ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. स्क्रिप्टमध्ये वरच सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन लिहून टाका.