मालवण-तारकर्ली कमी खर्चात: खोली शोधायच्या आधी तारीख ठरवा

सुट्टी जवळ आली की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो, "मालवणला स्वस्तात राहायला कुठे मिळेल, चौघं आहोत", आणि खाली दहा जण दहा नंबर टाकतात. पण नंबर मिळून काही होत नाही, कारण बहुतेक वेळा तारीख आधीच चुकलेली असते. मी मुलांना घेऊन, दोनदा सासूबाईंना पण घेऊन, बऱ्याच वेळा तिकडे जाऊन आलेय, तर जे कळलंय ते सगळं एकदाच लिहून काढते, ज्याला लागेल त्याने वापरा.

पहिली गोष्ट तारीख. आपण काय करतो, आधी सुट्टी कधी आहे ते बघतो, मग हॉटेल बघतो आणि मग रेट बघून डोक्याला हात लावतो. नाताळ ते ३१ डिसेंबर, दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस, आणि मे महिना, या तीन वेळा तारकर्ली-देवबागला तीच खोली दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. गणपती आणि शिमग्याला तर चाकरमानी गावी जातात त्यामुळे गाडीचं तिकीटच मिळत नाही, खोलीचं नंतर बघू. अजून एक तारीख आहे जी बाहेरच्या लोकांना माहीतच नसते, आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीची ही जत्रा मालवण तालुक्यात, साधारण फेब्रुवारीच्या आसपास असते पण तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीला कौल लावून ठरते. ती ठरली की मुंबईतून लाखो लोक निघतात, कणकवली-मालवणच्या खोल्या, रिक्षा, ट्रेन सगळं फुल्ल. तुम्हाला जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, जरूर जा, पण समुद्रासाठी जात असाल तर बुकिंगच्या आधी त्या वर्षीची तारीख कोणाला तरी विचारून घ्या.

मला सगळ्यात आवडलेली वेळ म्हणजे १० जानेवारीनंतर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, २६ जानेवारी आणि शिवजयंतीला जोडून येणारे वीकेंड सोडून. हवा छान असते, स्कूबा चालू असतं, खोल्या रिकाम्या असतात. आणि रविवारी जाऊन बुधवारी परत यायचं, शुक्रवार-शनिवार टाळायचा. हो, मुलांची तीन दिवस शाळा बुडते, मी बुडवते, टीचरना आधी सांगून बुडवते.

पावसाळ्यात खोली सगळ्यात स्वस्त मिळते हे खरं आहे पण तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा-पॅरासेलिंग बंद, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते म्हणून ताजी मच्छी कमी आणि महाग. हिरवळ बघायची, भात लावणी बघायची, घावणे खात पडवीत बसायचं, एवढंच हवं असेल तर जुलैसारखा महिना नाही. पण मुलांना "किल्ल्यावर जाऊया" सांगून जुलैत नेऊ नका.

आता प्रवास. ट्रेनचं बुकिंग आता ६० दिवस आधी सुरू होतं (आधी १२० होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), सकाळी ८ वाजता. जायचं आणि यायचं तिकीट एकाच दिवशी निघत नाही हे बरेच जण विसरतात, तुम्ही चार दिवसांची ट्रिप करत असाल तर परतीचं बुकिंग तीन दिवसांनी उघडतं, म्हणजे मोबाईलमध्ये दोन वेगवेगळे अलार्म लावा. दुसरं म्हणजे तुतारी एक्सप्रेस. ही दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या ओळखीत एक अख्खं कुटुंब चुकीच्या तारखेचं तिकीट घेऊन स्टेशनवर उभं होतं, गाडी आदल्या रात्रीच गेलेली. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि सकाळी सोडते, दिवस वाया जात नाही, पण तिचं तिकीट लवकर संपतं. पाच ते बारा वयाच्या मुलांना वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागतं, बजेट काढताना अर्धं धरू नका.

उतरायचं कुडाळला. तिथून मालवण साधारण २८-३० किलोमीटर. स्टेशनवर उतरल्या उतरल्या गाडीवाले विचारायला येतात, सामान आणि म्हातारी माणसं असतील तर घ्या गाडी, नाहीतर रिक्षाने एसटी स्टँड गाठा आणि मालवणची एसटी पकडा. एसटीला कमी लेखू नका. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या वर फुकट. सासूबाई ७६ च्या आहेत, त्या सोबत असतील तर आम्ही मुंबईहूनसुद्धा एसटीचा विचार करतो (आधार कार्ड हातात ठेवायचं, बॅगेच्या तळाशी नाही). मालवणहून तारकर्ली, देवबागला पण एसटी जाते, फेऱ्या थोड्या आहेत, स्टँडवर उतरल्यावर वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा म्हणजे चार दिवस कामाला येतो.

आता राहायचं. यात मी एकदा चांगलीच फसले होते म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या वेळी मी ॲपवर सगळ्यात स्वस्त खोली शोधली, ९०० रुपये, नावात तारकर्ली, फोटोत समुद्र. पोचल्यावर कळलं की समुद्र पाच-सहा किलोमीटर लांब, जवळ दुकान नाही, खानावळ नाही. प्रत्येक वेळी रिक्षा बोलवायची, जाऊन-येऊन ४००, दिवसातून दोनदा म्हणजे ८००. म्हणजे खोली पडली १७०० ला, आणि वर दुपारी मुलांना झोप आली तरी परत यायची सोय नाही. त्याच वेळी देवबागमध्ये किनाऱ्याला लागून १४००-१५०० ला खोल्या रिकाम्या होत्या. तेव्हापासून मी खोलीचा रेट बघतच नाही, दिवसाचा खर्च बघते, खोली अधिक रिक्षा अधिक जेवण, तिन्ही मिळून कागदावर लिहायचं आणि मग दोन जागांची तुलना करायची. बऱ्याचदा महाग वाटणारी खोली स्वस्त निघते.

जागेचं म्हणाल तर मालवण गावात राहिलात तर स्टँड, बाजार, खानावळी, किल्ल्याची जेटी सगळं चालत, आणि खोल्या जरा स्वस्त, पण पोहण्यासारखा किनारा दारात नाही. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, किनारा सुंदर, वर्दळ जास्त. देवबाग त्याच्याही पुढे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. इथली गंमत अशी की समुद्राच्या बाजूच्या खोलीला जास्त पैसे आणि खाडीच्या बाजूला कमी, आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत काही मिनिटं लागतात. खाडीची बाजू घ्या. संध्याकाळी शांत असते, आणि पैसे वाचतात. एसटी वापरणार असाल आणि दोनच रात्री असतील तर मात्र मी मालवण गावच सुचवेन.

या पट्ट्यात सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे घरगुती राहणं, घराच्या मागे किंवा वर दोन-चार खोल्या काढलेल्या असतात, स्वयंपाक घरातल्याच काकू करतात. सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंद असलेली घरं पण आहेत, फोनवर विचारा नोंदणी आहे का. ॲपवर जागा शोधा, फोटो बघा, रिव्ह्यू वाचा (मी सगळ्यात नवीन आणि तीन स्टारवाले वाचते, त्यात खरं असतं, आणि पाहुण्यांनी टाकलेले बाथरूमचे फोटो बघते), मॅपवर सॅटेलाईट व्ह्यू लावून समुद्र खरंच किती लांब आहे ते मोजा, आणि मग सरळ घरी फोन लावा. थेट बोललं की ॲपपेक्षा रेट बरेचदा कमी होतो, तीन रात्री सांगितल्या तर अजून थोडा. घासाघीस करा पण आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी करा, मे महिन्यात त्या लोकांची पण कमाईची तेवढीच वेळ असते, तेव्हा फार ताणू नये असं मला मनापासून वाटतं. ॲपवरूनच घेणार असाल तर शेवटच्या स्क्रीनवरचा आकडा बघा, टॅक्स तिथे चढतो, सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे.

फोनवर काय विचारायचं? गरम पाणी कसं, गिझर की सोलार की बंब, आणि किती वाजेपर्यंत. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर पाणी पुरतं का आणि गोडं आहे का, किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. एक्स्ट्रा गादीचे पैसे किती, कारण चौघांना दोन खोल्या घ्यायची गरज नसते, एक खोली आणि एक गादी पुरते. गाडी सकाळी पोचणार असेल तर सामान ठेवून आंघोळ करायला मिळेल का, बहुतेक काकू हो म्हणतात, पण आधी विचारलेलं असलं की मन मोकळं राहतं. आणि जेवण. देवबागच्या काकूंनी मला पहिल्याच फोनला सांगितलं होतं, "जेवणाचा आधी सांगा हां, मासे सकाळीच हाडूचे लागतत." (म्हणजे मासे सकाळीच आणावे लागतात.) हे लक्षात ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर काहीतरी मिळेल पण चांगलं मिळणार नाही.

ॲडव्हान्स द्यायचा असेल तर एका रात्रीच्या वर देऊ नका, आणि नुसता कोणीतरी पाठवलेला नंबर बघून तर अजिबात नको. मॅपवर असलेल्या जागेचा नंबर आणि तो नंबर जुळतो का बघा, व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा, खऱ्या घरातली माणसं लगेच दाखवतात. फोटो आणि कमी रेट पाठवून "आत्ताच पूर्ण पैसे टाका नाहीतर जाईल" म्हणणारा असेल तर फोन ठेवून द्या.

जेवणात पैसे कुठे जातात माहितीये, सुरमई आणि पापलेटमध्ये. मेनूवर "बाजारभावाप्रमाणे" लिहिलेलं असलं की ऑर्डरच्या आधी भाव विचारा, यात लाजायचं काही नाही. बांगडा, मोरी, तारली, सौंदाळे हे स्वस्तात मिळतात आणि मालवणी मसाल्यात माझ्या मते बांगड्यासारखा मासा नाही. आम्ही दिवसातून एकदाच माशाची थाळी घेतो, सकाळी घावणे किंवा आंबोळ्या आणि उसळ, रात्री काकूंकडे कुळथाची पिठी-भात किंवा सोलकढी-भात, मुलं पण खूश.

फिरण्यातही तेच, बऱ्याच चांगल्या गोष्टींना पैसेच लागत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला, जेटीवरून होडीचं माणशी तिकीट असतं, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी, मुलांना तिथे उभं करून हे सांगा, लक्षात राहतं. कुडाळ-मालवण रस्त्यावर धामापूरचा तलाव आहे, १५३० चा, काठावर भगवतीचं देऊळ, तिथे अर्धा दिवस सहज जातो. त्सुनामी आयलंड (देवबागजवळचं वाळूचं छोटं बेट) किंवा डॉल्फिन बघायला बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, त्यामुळे एकट्या कुटुंबाने घेऊ नका, शेजारच्या खोलीतल्यांना आदल्या रात्री विचारा, दोन कुटुंबं मिळून निम्म्यात होतं. स्कूबा पण चार ठिकाणी विचारून ठरवा. फक्त लाईफ जॅकेटमध्ये काटकसर नाही, जॅकेट नसेल, फाटलेलं असेल किंवा बोटीत माणसं जास्त कोंबत असतील तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरा.

आमच्या गेल्या ट्रिपचा हिशोब देते, दोघं मोठे दोन मुलं, तीन रात्री, फेब्रुवारी. स्लीपरचं तिकीट जाऊन-येऊन चौघांचं साधारण २८००, खोली १४०० प्रमाणे ४२००, खाणं-पिणं ५२००, एसटी आणि रिक्षा १५००, होड्या आणि बोट १८००, कोकम-खाजा वगैरे ९००. एकूण १६,४००. तीच खोली नाताळात ३२०० ला होती, म्हणजे नुसत्या खोलीचेच ५४०० जास्त गेले असते, बाकीचं वाढलं असतं ते वेगळं.

निघताना दोन गोष्टी. कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), कुळथाचं पीठ हे बाजारातल्या दुकानापेक्षा तुम्ही राहता त्या घरी आधी विचारा, बऱ्याच काकू घरीच करतात आणि विकतात. आणि दिवसाच्या गाडीने परत येणार असाल तर डब्यासाठी घावणे आणि सुकी चटणी सांगून ठेवा, आदल्या संध्याकाळीच सांगा, कारण तांदूळ रात्री भिजवावा लागतो.