जिम्नीच्या आतलं काम करून घेताय? मग या चुका टाळा

गाडी घरी आली की पहिल्या रविवारीच आपण ॲक्सेसरी मार्केटला जातो आणि सीट कव्हर, मॅटिंग, स्पीकर, आर्मरेस्ट सगळं एका दिवसात उरकून येतो. जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, घेतली असेल तर असं करू नका, अगदी कळकळीने सांगतोय. जून २०२३ ला पाच दरवाज्यांची जिम्नी आली तेव्हापासून घाटात, कोकणात, किल्ल्यांच्या पायथ्याला ती भरपूर दिसायला लागलीय, आणि आतून सडवलेल्या जिम्न्यापण दिसायला लागल्यात. ही गाडी लहान आहे आणि आपल्याकडे चार महिने ओली असते, त्यामुळे शहरातल्या हॅचबॅकला खपून जाणारं काम हिला चालत नाही. मी आता आत काही बसवायचं म्हटलं की एवढंच बघतो, भर पावसाळ्यात हे काढून वाळवता येईल का? येत नसेल तर नको.

कार्पेटवर चिकटवलेलं मॅटिंग

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कार्पेटच्या वरून रबरी लॅमिनेशन टाकतात, कडा गमने बंद करतात आणि सांगतात की आता पाणी आत जाणारच नाही. वरून जाणार नाही हे खरं, पण पाणी खालून आणि बाजूनेपण येतं ना. कार्पेटखाली जाड नमदा असतो, तो स्पंजसारखा पाणी पितो आणि वर हे झाकण असल्यामुळे ते सुकायला वावच राहत नाही. आधी काचा आतून धुरकट होतात, मग कुबट वास सुरू होतो, आणि गंज दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यापेक्षा उंच कडांचे सुटे ट्रे मॅट घ्या, घरी आलं की उचलायचे, पाण्याने धुवायचे, उन्हात टाकायचे. जुन्या मॅटवर नवीन मॅट मात्र कधीच टाकू नका, आणि ड्रायव्हरच्या बाजूचा मॅट हुकात अडकलाय ना हे दर वेळी बघा, उतारावर फोर-एल मध्ये (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) असताना मॅट सरकून ब्रेकखाली गेला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

पायाशी पाणी येतंय, कुठून?

हे माझ्याबरोबरच झालंय म्हणून सविस्तर लिहितो. मे महिन्यात पुढचे स्पीकर बदलून घेतले आणि दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट जाड शीट) लावून घेतलं, आवाज मस्त यायला लागला, मी खूश. जुलैमध्ये ताम्हिणीला गेलो, दिवसभर मुसळधार, परत येताना बायको म्हणाली माझे मोजे ओले झालेत. मॅट बघितला तर वरून कोरडा आणि खाली कार्पेट दाबलं की चिखलात पाय घातल्यासारखा आवाज. दार जोरात लावलं की आतून डुबुक डुबुक ऐकू यायचं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, त्यात स्क्रू-ड्रायव्हर घातला तर किटलीतून चहा ओतावा तसं गढूळ पाणी धार धरून पडायला लागलं, दोन मिनिटं पडत होतं!

झालं काय होतं ते समजून घ्या. काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, कुठल्याही गाडीत जातं, आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना दुकानदाराने तो पडदा फाडून तसाच लोंबकळत ठेवला होता आणि डॅम्पिंग शीट तळापर्यंत ओढून भोकंपण बुजवली होती. मग पाणी साठत साठत वर आलं आणि फाटक्या पडद्यातून पायाशी. पडदा नवीन ब्युटाईल टेपने, म्हणजे तसल्याच काळ्या चिकट पट्टीने, चिकटवला, भोकं मोकळी केली, कार्पेट उचलून खाली टेबल फॅन लावून ठेवला, नमदा पूर्ण सुकायला चार दिवस गेले. डॅम्पिंग शीट पत्रा भरून लावायची गरजच नसते, मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर लावलं तरी पत्र्याची थरथर बरीच कमी होते.

तुमच्याकडे असं झालं तर आधी पाणी नीट बघा. एसी चालू असतानाच येतंय, स्वच्छ आहे आणि डावीकडच्या सीटच्या पायाशी आहे, तर एसीचा ड्रेन पाईप चोक झालाय, चिखलाने हमखास होतो. पावसात उभी असताना येतंय तर दाराचा पडदा किंवा दाराचं रबर. ओढा पार केल्यावरच येतंय तर तळाची रबरी बुचं सैल आहेत किंवा कोणीतरी वायर घालायला बूच काढून परत बसवलेलं नाही. कारण सापडेपर्यंत सिलिकॉन फासत बसू नका, चुकून पाणी जायचा रस्ताच बंद होतो.

सीट कव्हर आणि एअरबॅग

जिम्नीला सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीच्या कडेला शिवलेल्या असतात, आणि बाजारातलं टाईट कव्हर नेमकं त्यांच्यावरूनच ताणून बसवतात. कव्हर घेताना कडेची शिवण हाताने बघा, तिथे उघडा भाग हवा किंवा मुद्दाम कमजोर ठेवलेली शिवण हवी. दुकानदार नुसतं चालतं हो म्हणाला तर उठून निघा. डॅशकॅमची वायरपण तशीच, पुढच्या खांबाच्या पॅनेलमध्ये पडदा एअरबॅग असते, वायर तिच्या मागून न्यायची, वरून नाही. रेक्झिन ओल्या कपड्यांनी बसलं की बुरशी धरतं, मला तरी कॅनव्हासच बरा वाटतो, काढला की बादलीत धुता येतो.

वायरिंग

डॅशबोर्डचा बारा व्होल्टचा सॉकेट १२० वॅटचा, म्हणजे १० अँपिअर. फोन, छोटा फ्रिज ठीक आहे. पण टायरमध्ये हवा भरायचे चांगले कॉम्प्रेसर १५ ते ३० अँपिअर ओढतात, ते सॉकेटला लावले की फ्यूज उडतो, आणि मग काही लोक मोठा फ्यूज घालतात. ही खरी घातक चूक, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो, मोठा घातला की फ्यूजच्या आधी वायर जळते. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावून चालवा, इंजिन चालू ठेवून. आतल्या दिव्यांसाठी कंपनीची वायर सोलून जोड मारू देऊ नका, फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसणारा, वेगळी वायर काढून देणारा जोड) सप्लाय घ्या, आणि बॅटरीवरून घेतलाच तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

डिकीत सुताराकडून ड्रॉवर

मागच्या सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटर, पाडल्या की ३३२, म्हणजे जागा कमीच, म्हणून ड्रॉवर करावेसे वाटतात. पण वजनाचा हिशोब आधी करा. गाडीचं रिकामं वजन साधारण १२०० किलो आणि भरून चालतं ते १५४५. राहिले ३४५, त्यात सत्तर किलोची चार माणसं बसली की उरले ६५. आठ बाय चारचं १९ एमएम प्लाय एकटंच पस्तीस-चाळीस किलो भरतं, वर चॅनल आणि स्क्रू, मग जॅक, दोरखंड, तंबू आणि पाणी कशात नेणार? करायचंच असेल तर १२ एमएम, एकच मजला, आणि बोल्ट कंपनीच्या आधीच्या आट्यांच्या भोकांत. पत्र्याला नवीन भोक पाडू नका, खाली इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात, शिवाय कोकणच्या हवेत त्या उघड्या कडेवर लगेच गंज चढतो. मी ड्रॉवर काढूनच टाकले. आता मागच्या काचेला जाळीचं पॅनेल आहे आणि दोन पेट्या रॅचेट पट्ट्याने घट्ट बांधलेल्या. लोखंडी शॅकल (गाडी ओढताना दोर अडकवायची कडी) वगैरे सुटं कधीच ठेवू नका, गाडी कलंडली तर ते डोक्यात येतं.

जागेसाठी मागची सीट कायमची काढायचा विचार असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि आरसी बुकात आसनसंख्या लिहिलेली असते, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी तेच काढते.

आर्मरेस्ट बसवण्याआधी हँडब्रेक पूर्ण ओढून बघा आणि ट्रान्सफरचा दांडा (दोन चाकं की चार चाकं हे निवडायचा) टू-एच, फोर-एच, फोर-एल तिन्हीकडे नेऊन बघा, कोपर कुठेही अडकायला नको. दारांचं काम करून घेतलं असेल तर पॅनेल लावायच्या आधी तिथेच थांबून काचेवर बाहेरून पाइपाने दहा मिनिटं पाणी मारायला लावा. पडद्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, कोरडं लागलं की मगच क्लिपा बसवू द्या.