जुन्या गाडीत नव्याने बसवलेला एसी: गॅस तपासताना या चुका टाळा

एसीसह कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या बॉनेटखाली सहसा एक स्टिकर असतो आणि कोणता गॅस किती ग्रॅम भरायचा, हे त्यावर छापलेले असते. प्रीमिअर पद्मिनी, जुनी जीप किंवा हौसेने नव्याने बांधून घेतलेली गाडी यांना हा आधार नसतो, कारण तेथे कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) एका गाडीचा, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) दुसरीचा, कूलिंग कॉइल डॅशखाली मावेल ती आणि होज (जोडनळ्या) जागेप्रमाणे कापून घेतलेले असतात. अशा सिस्टिमला किती गॅस लागतो, हे एकदा आपल्यालाच शोधावे लागते, आणि गेजवरचा दाबाचा आकडा म्हणजेच गॅसचे प्रमाण असे मानल्यामुळे हा शोध बहुतेक वेळा चुकतो.

इंजिन बंद असताना गेज लावून 'गॅस पुरेसा आहे' असा निर्वाळा देणे, ही यातली सर्वांत रुळलेली चूक आहे. बंद सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी दाब केवळ तापमानावर ठरतो. ३५ अंश सेल्सिअसला आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब साधारण ११४ पीएसआय (दाबाचे एकक) दिसतो, मग आत २०० ग्रॅम असोत की ८०० ग्रॅम. या आकड्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. गाडी काही तास सावलीत उभी राहून पूर्ण थंड झालेली असताना दाब याहून बराच जास्त निघाला, तर गॅसमध्ये हवा मिसळली आहे असे समजावे. ही हवा गॅस कमी-जास्त करून जात नाही. सगळा गॅस मशिनने काढून घेऊन नव्याने व्हॅक्यूम करावा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढावी लागते.

चालू इंजिनावर तपासतानाही परिस्थिती ठरलेली हवी: सुमारे १५०० आरपीएम, ब्लोअर पूर्ण वेगाने, दरवाजे उघडे आणि दोन्ही गेज एकाच वेळी लावलेले. अशा वेळी ३५ अंशांच्या हवेत लो साइड (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा कमी दाब) २५ ते ४० आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा जास्त दाब) २१० ते २४० पीएसआयच्या आसपास असेल, तर साधारणपणे सिस्टिम ठीक आहे. लो साइडचा निळा होज तेवढा लावून गॅस भरत राहणारे कारागीर हाय साइड कोठवर चढली आहे, हे पाहतच नाहीत, आणि पुढे कॉम्प्रेसर त्याची किंमत मोजतो.

हाय साइड जास्त दिसली की गॅस सोडून देणे, ही बांधीव गाड्यांमधली खास चूक. येथे दोष बहुधा कंडेन्सरवरून वाहणाऱ्या हवेचा असतो. कंडेन्सरपुढे बसवलेल्या इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या, तर तो हवा आत ढकलण्याऐवजी बाहेर फेकतो. पंखा चालू करून जाळीसमोर कागदाचा कपटा धरावा; तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. त्यानंतर कंडेन्सरवर पाणी शिंपडून पाहावे. दाब झपाट्याने उतरला आणि व्हेंटमधली हवा लगेच थंड झाली, तर पंखा, त्याचे आच्छादन किंवा कंडेन्सरचा आकार यांकडे लक्ष द्यावे. लो साइडही जास्त असेल, तर एक्सपान्शन व्हॉल्व्हचा (कूलिंग कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा हे ठरवणाऱ्या झडपेचा) तापमान ओळखणारा बल्ब कॉइलमधून परतणाऱ्या पाइपला घट्ट बांधून वर इन्सुलेशन गुंडाळले आहे ना, हे पाहावे, कारण सैल बल्बला बाहेरची उष्णता लागून व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडतो.

ड्रायरवरच्या (ओलावा शोषून द्रव गॅस साठवणाऱ्या डबीवरच्या) काचेतून दिसणाऱ्या बुडबुड्यांवरही विसंबू नये. आर-१३४ए मध्ये प्रमाण योग्य असतानाही थोडे बुडबुडे दिसू शकतात, आणि सिस्टिम रिकामी असतानाही काच स्वच्छच दिसते.

वजनकाट्याला मात्र पर्याय नाही. किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम करून, पंप बंद केल्यावर तो टिकतो याची खात्री झाल्यावर, गॅसचा डबा काट्यावर ठेवून सुरुवातीला सुमारे ५०० ग्रॅम गॅस भरावा आणि नंतर ५०-५० ग्रॅम वाढवत प्रत्येक वेळी काही मिनिटे थांबावे. ड्रायर असलेल्या सिस्टिममध्ये हाय साइड आधी चढते, मग ड्रायर भरत असताना जवळपास स्थिर राहते आणि त्यापुढे पुन्हा चढू लागते. या स्थिर टप्प्यातच थांबायचे असते. तेथे पोहोचल्यावर आलेले वजन, गॅसचे नाव आणि तेलाचा प्रकार रंगाने बॉनेटच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या कारागिराला अंदाज बांधावा लागणार नाही. इंजिन चालू असताना गेजवरचा हाय साइडचा लाल व्हॉल्व्ह कधीही उघडू नये, कारण हाय साइडचा दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो. डबाही उभाच ठेवावा, उलटा धरल्यास द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो.

दर उन्हाळ्यात थोडा गॅस वाढवून वेळ मारून नेणे हेही टाळावे. कॉम्प्रेसरपर्यंत तेल गॅसबरोबरच फिरून परत येते, त्यामुळे गॅस कमी असलेला कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि शेवटी जाम होतो. होजच्या दाबून बसवलेल्या टोकांवर, शाफ्टच्या सीलपाशी आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपीखाली तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर आधी ती गळती बंद करावी आणि मगच नव्याने वजन करून गॅस भरावा.