अर्ध्या सावलीत फळझाड: जागा डिसेंबरात ठरवा

रोपवाटिकेत विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: चार-पाच तास ऊन मिळालं की बस्स. कोणत्या महिन्यातलं ऊन, ते कुणी सांगत नाही. नागपुरात फळझाड फसतं ते इथेच.

आपण सगळे उन्हाळ्यात खड्डा खणतो, पहिल्या पावसात कलम लावतो. मीही तेच केलं. लेआउटमधला प्लॉट, घराच्या उत्तरेला 12 फुटांची पट्टी. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत बघितलं तर पट्टीभर लख्ख ऊन. संत्र्याचं कलम लावलं. पाच वर्षं पानं हिरवीगार, फूल एकही नाही. खतं बदलली, फवारण्या केल्या, पैसे गेले. सहाव्या वर्षी संक्रांतीच्या दुपारी बुंध्याशी हात लावला तर माती ओली आणि गार, वर शेवाळाची हिरवी साय. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे घराची भिंत संपते, तिथे तुळशीजवळ मात्र जमिनीला भेगा पडलेल्या.

कारण साधं आहे. 26 मेच्या सुमारास नागपुरात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. 22 डिसेंबरच्या आसपास तोच सूर्य भर दुपारी जेमतेम 45 अंशांवर, दक्षिणेला असतो. म्हणजे इमारत जितकी उंच, तितकीच लांब सावली उत्तरेला. माझं घर कठड्यासकट 14 फूट. 12 फुटांची पट्टी पूर्ण झाकली जाणारच.

आणि संत्र्या-लिंबाचं गणित हिवाळ्यातच ठरतं. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, मग जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं. आपल्या काळ्या मातीत आधीच ओल टिकते. वर सावली पडली की ती वाळतच नाही. ताण बसत नाही, म्हणून फूल नाही. अशा झाडाला खत घालत राहणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. पालाच वाढतो.

म्हणून लावणी एक वर्ष लांबली तरी चालेल, पण 15 डिसेंबर ते संक्रांत या काळातला एक निरभ्र दिवस यासाठी काढा. सकाळी 8 पासून 4 पर्यंत दर तासाला सावलीच्या कडेवर चुन्याची रेघ मारा, बाजूला वेळ लिहा. संध्याकाळी अंगणाचा नकाशा तयार. दक्षिणेचा शेजारी मजला चढवणार असेल तर तेवढी उंची आत्ताच धरा. शेजारचा कडुनिंब चालतो, त्यातून ऊन झिरपतं. भिंतीतून झिरपत नाही.

जिथे डिसेंबरात 5 तास ऊन, तिथे संत्रा किंवा कागदी लिंबू. 4 तास असेल तर सीताफळ, तुती. 3 पेक्षा कमी असेल तर फळझाडाचा नाद सोडा, हळद-आलं-अळू लावा. आंबा आणि डाळिंब अर्ध्या सावलीत लावूच नका, कुणी कितीही भरवसा दिला तरी. पश्चिमेची सावली मात्र हवीच. मेमध्ये पारा 45 वर जातो तेव्हा दुपारी तीनचं ऊन कोवळ्या कलमाची साल भाजून काढतं.

पुढचं सोपं आहे. दोन फुटांचा खड्डा, शेणखत, मातीत मुरूम मिसळून, पाऊस लागल्यावर लावणी. डोळा, म्हणजे कलम बांधलेला जोड, जमिनीच्या वर सहा-नऊ इंच राहिला पाहिजे. तो गाडला की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग, आलाच.

सावलीतल्या झाडाला उन्हातल्या झाडाइतकं पाणी देऊ नका. दुहेरी आळं करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कडीत राहतं, बुंधा कोरडा. दोन इंच खोल बोट घाला, माती बोटाला चिकटली तर नळ बंद. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवायचे, मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं नको.

ते जुनं संत्र्याचं झाड मी काढलं. नवीन कलम तुळशीच्या कोपऱ्यात लावलं, डिसेंबरात तिथे सकाळपासून एकपर्यंत ऊन असतं. पाचव्या वर्षी जानेवारीच्या शेवटी पहाटे दार उघडलं तर फुलांचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत आला होता.