मोजणी पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होते

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांतून हमखास येणारा प्रश्न: "मुलीला डॉक्टर व्हायचंय, प्री-मेडला अ‍ॅडमिशन कशी घ्यायची?" तशी अ‍ॅडमिशनच नसते. प्री-मेड ही इथे पदवी नाही, तुमचा इरादा आहे. बारावी, नीट, एमबीबीएस हा रस्ता डोक्यातून काढून टाका. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. हायस्कूलमधून थेट घेणारे बीएस-एमडी कोर्स आहेत (एमडी ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी), पण जागा इतक्या थोड्या की त्यांच्या भरवशावर राहू नका.

पदवी बायॉलॉजीचीच हवी असंही नाही. मेडिकल स्कूलला ठरावीक विषय झालेले हवे असतात: साधारणपणे वर्षभराचं बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, तेही लॅबसकट, त्यावर बायोकेमिस्ट्री, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स व इंग्रजी. सायन्सच्या पदवीत यातलं बरंचसं आपसूक होऊन जातं, एवढीच तिची सोय. माझं मत विचाराल तर मेडिकलला नंबर लागला नाही तरी ज्यात काम करायला आवडेल, असा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घ्या. एमडीसाठी दरवर्षी पन्नास हजारांच्या वर लोक अर्ज करतात आणि प्रवेश मिळतो तेवीस हजारांच्या आसपास लोकांना.

खरी गोम ग्रेड्समध्ये आहे. आपल्याकडे एफ.वाय. कसंबसं काढून टी.वाय.ला जोर लावला की क्लास सुधारतो. इथे मेडिकलचे बहुतेक अर्ज एएमसीएएस या मध्यवर्ती यंत्रणेतून जातात आणि ती पहिल्या सेमिस्टरपासूनचा प्रत्येक ग्रेड धरते. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स एवढ्यांचा वेगळा जीपीए, म्हणजे ४.० पैकी ग्रेड्सची सरासरी, काढते. कोर्स पुन्हा करूनही जुना ग्रेड पुसला जात नाही. समजा, चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी आला, म्हणजे २.०. पुढच्या वर्षी तोच कोर्स करून ए मिळवला, म्हणजे ४.०. तुमचं कॉलेज कदाचित फक्त ए धरेल. एएमसीएएस मात्र आठ क्रेडिट धरून ३.० लावेल. ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन म्हणत मोठे झालेल्या आई-बाबांना बी ग्रेड ठीकठाक वाटतो, पण एमडीला प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर असतो.

म्हणून पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि कॅल्क्युलस एकदम अंगावर घेऊ नका. बारावी सायन्स करून आलेल्यांना सुरुवातीला "हे तर सगळं झालंय" वाटतं आणि मिडटर्मला जमिनीवर यावं लागतं. कोर्स सोडायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल खुणेने लिहा. त्या तारखेच्या आत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काही येत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा, येतो, पण तो जीपीएत धरत नाहीत. एखादा डब्ल्यू सी किंवा डी पेक्षा कधीही बरा.

दुसरं, शिफारसपत्रं. बरीच मेडिकल स्कूल्स सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात. दोनशे-तीनशे मुलांच्या वर्गात तुम्हाला कोण ओळखणार? ऑफिस अवर्सना जा. आपल्याकडे सरांनी बोलावल्याशिवाय केबिनमध्ये जायची पद्धत नाही, पण इथे ती वेळ मुलांसाठीच ठेवलेली असते. "डाउट आहे" एवढंच म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नका. अर्धवट सोडवलेली रिअ‍ॅक्शन घेऊन जा, इलेक्ट्रॉन कुठे जातात ते बाण काढून ठेवा आणि जिथे अडलं तिथे बोट ठेवा.

मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा म्हणजे एमकॅट, ४७२ ते ५२८ गुणांची, जवळजवळ साडेसात तास बसवणारी परीक्षा. चारपैकी एका भागात सायन्स अजिबात नसतं, नुसते उतारे वाचून तर्क लढवायचा. आपली मुलं घसरतात ती तिथे, तेव्हा रोजचं वाचन आतापासून लावा. नीटसारखं दरवर्षी रिपीट करत बसता येत नाही: वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा. अर्ज जूनमध्ये केला तर वर्ग भरतात पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे सलग जायचं तर तिसरं वर्ष संपता संपता सगळी तयारी हवी. बरेच जण मधे एक-दोन वर्षं काम करतात, आणि त्या गॅपला इथे कुणी नाक मुरडत नाही.

आता व्हिसा, ज्याबद्दल कॉलेजचे अ‍ॅडव्हायझर सहसा आपणहून बोलत नाहीत. ग्रीन कार्ड नसलेल्यांना बहुतेक मेडिकल स्कूल्स घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही चार वर्षांचे पैसे आधीच जमा करायला सांगतात. सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. एच-४ वरच्या, म्हणजे आई-बाबांच्या एच-१बी वर्क व्हिसावर आलेल्या, मुलाला २१ व्या वर्षी तो व्हिसा सोडून बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. अनुभवासाठी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरिंग किंवा डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं) चालतं, पण स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा ईएमटीची (अँब्युलन्सवर तातडीची मदत देणारा) पगारी नोकरी एच-४ वर मुलांना करता येत नाही. अर्जाची फी भरण्याआधी प्रत्येक स्कूलचा नियम वाचा.

मेडिकल म्हणजेच सगळं नव्हे, हेही घरात बोला. फार्मडीला, म्हणजे फार्मसीच्या डॉक्टरेटला, अनेक ठिकाणी पदवी पूर्ण असावी लागत नाही, दोन-तीन वर्षांचे विषय पुरतात. तिथली पीकॅट ही प्रवेश परीक्षा तर २०२४ च्या जानेवारीत बंदच झाली. फिजिकल थेरपीची डॉक्टरेट साधारण तीन वर्षांची. फिजिशियन असिस्टंटच्या (डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणाऱ्यांच्या) कोर्सना मात्र रुग्णांबरोबर काम केल्याचे तास बघतात. पेटंटच्या कामाकडे तर आपल्या घरांचं लक्षच नसतं. पेटंट ऑफिसच्या परीक्षेला सायन्स किंवा इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी लागते, त्यामुळे केमिस्ट्री करून लॉ स्कूलला गेलेल्याला तिथे वाव असतो.

भारतातून बीएस्सी करून आलेल्यांसाठी: एएमसीएएस परदेशी मार्क जीपीएत धरत नाही आणि बहुतेक एमडी स्कूल्सना इथे शिकलेले विषय हवे असतात, तेव्हा लागणारे विषय इथल्या कॉलेजात पुन्हा करावे लागतील. फार्मसी, फिजिकल थेरपीकडे डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून कोर्सनिहाय मूल्यांकन करून घेतलेली पदवी बऱ्याच ठिकाणी चालते. भारतात जाल तेव्हा युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन प्रती सीलबंद पाकिटात घ्या आणि कॉलेजमधून तिन्ही वर्षांचा सिलॅबस सही-शिक्क्यासकट काढून आणा. कुठल्या विषयाला सूट द्यायची आणि कुठला पुन्हा करायला लावायचा हे ठरवताना इथले लोक तोच मागतात.