गावजेवणानंतर उलटी-जुलाब : बेळगाव भागात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे आरोग्य निरीक्षक म्हणून ऑर्डर मिळाली असेल तर अभिनंदन. पण शेजारच्या उपकेंद्राचा चार्जही तुमच्याच गळ्यात पडणार, हे धरून चाला. कागदावर सपाट भागात 5,000 वस्तीमागे एक उपकेंद्र असतं. पद रिकामं राहिलं म्हणून वस्ती थोडीच कमी होते?

साथीचा फोन बहुधा जत्रेच्या किंवा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येतो. ओआरएस, क्लोरिनेशन, आयएचआयपीवर (साथींच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर) नोंद हे तुम्हाला येतंच. फसगत होते ती यादीत.

यादीचा नमुना आजाऱ्यांसाठी असतो : नाव, वय, लक्षणं, कधीपासून, काय खाल्लं. ती भरली की दिसतं, सगळ्यांनी खीर खाल्लेली. मग 'खिरीतून विषबाधा' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. अहो, महाप्रसादाची खीर सोडतो कोण? धडधाकट असलेल्यांनीही ती खाल्लीच असणार! समजा खीर खाणाऱ्या 100 जणांपैकी 40 आजारी पडले आणि न खाणाऱ्या 20 पैकी 8, तर दोन्हीकडे प्रमाण तेच, 40 टक्के. खीर सुटली. आता हाच हिशेब भाताचा करा, आमटीचा करा. त्यासाठी त्याच पंगतीत जेवून ठणठणीत राहिलेल्यांच्या घरी जावं लागतं, आणि तिथं कुणी दार लवकर उघडत नाही. 'आम्हाला काय झालंय?' म्हणतात. 'बरं न वाटलेल्यांची यादी आहे, बऱ्यांची कुठाय?' हा तालुक्याच्या साहेबांचा प्रश्न आठवला की मला अजून घाम फुटतो.

वेळही नीट विचारा. 'रात्री' नको, किती वाजता ते हवं. जेवल्यावर 1 ते 6 तासांत उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकस किंवा शिळ्या भातातला बॅसिलस सेरियस या जंतूंवर संशय घ्या. ताप-जुलाब 6 तासांनंतर, कधी तिसऱ्या दिवशीही आले तर साल्मोनेला.

शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी, कॅरी-ब्लेअरमध्ये (प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना टिकवणाऱ्या माध्यमात). उरलेल्या अन्नाचा कायदेशीर नमुना अन्न सुरक्षा अधिकारी घेतो, पण त्याच्याकडेही एवढा मुलूख की तो येईपर्यंत पातेली घासून पालथी पडलेली असतात. म्हणून आधी आशाताईंना फोन करा, भांडी तशीच ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारे तयार अहवाल मात्र उघडूसुद्धा नका. जुन्या नर्सबाईंशेजारी दोन दिवस बसलात तर त्याहून जास्त शिकाल.

कन्नड कच्चं आहे म्हणून घाबरू नका. बैठक कन्नडमध्ये होते, पण भात कुणी आणि कधी शिजवला हे गल्लीत मराठीतच कळतं. आणि निपाणीकडे असाल तर कोल्हापूरच्या दवाखान्यांत चौकशी करा. तिथं भरती झालेले आपले पेशंट आपल्या यादीत आपोआप येत नाहीत.